वाघुरीची गाठ

"मास्तर, वाघूर उघडू नगा," बैलगाडीचा कठडा धरून धुळाबा म्हणाला. "मी येईस्तवर उघडू नगा. कितीबी वरडली तरी."

"नाही उघडणार. तुम्ही निघा."

"आन् दुसऱ्या कुनाला उघडू दिऊ नगा."

"अहो आबा, मी इथंच आहे ना. बाईंना बघा आधी."

गाडीत त्याची बायको, ठकूबाई, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. चुलीला दगड हवा म्हणून तिनं एक उचलला आणि खालच्या तांबड्या विंचवानं अंगठ्याला नांगी मारली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि हात मात्र गार पडले होते. मिशनचा दवाखाना चार मैलांवर. धुळाबानं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मेंढरांकडं, मग माझ्याकडं. गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी उडत, आदळत वाटेला लागली आणि धुळाबाचं कुत्रं तिच्यामागं धावत सुटलं.

दुपारचा एक वाजला असेल. एप्रिलचा रविवार होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

पिंपळदऱ्याच्या मिशन शाळेत मी तात्पुरता मास्तर होतो आणि रविवारी मिशनच्या देवळात शब्बाथशाळा, म्हणजे पोरांचा बायबलचा वर्ग, घ्यायचो. माझं नाव शांतवन उजागरे. पोरं मागून मला 'भोंगा' म्हणायची. साखर कारखान्याचा भोंगा तीन कोसांवर ऐकू यायचा, आणि पोरांच्या मते माझा आवाज त्याच्या खालोखाल होता. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट अभिमानच होता. मी एकदा "बसा" म्हटलं की बावीस पोरं एकदम बसायची. आजूबाजूच्या कुठल्याही शब्बाथशाळेत अशी शिस्त नव्हती.

त्या दिवशी चार वाजता शब्बाथशाळांचे तपासनीस त्रिभुवन साहेब येणार होते. त्यांनी चांगला शेरा दिला तर जूनपासून मी कायम होणार होतो. त्या वर्षी परीक्षेचा विषय होता आज्ञापालन. मी स्वतः एक प्रश्नोत्तर तयार करून पोरांकडून दोन महिने घोकून घेतलं होतं.

"आज्ञापालन म्हणजे काय?" मी विचारायचो.

"देवाचं वचन ऐकून ते लगेच, आनंदानं आणि कारण न विचारता करणं." बावीस तोंडं, एक आवाज.

खरं तर एकवीस. सलोमी पाटोळेला ते कधीच पूर्ण आलं नाही. दहा वर्षांची काटकुळी पोर. "देवाचं वचन ऐकून... ऐकून..." इथंच तिची गाडी अडायची. धुळाबाची मेंढरं आल्यापासून दर रविवारी ती उशिरा यायची, आणि आली की तिच्या फ्रॉकला मेंढरांचा वास. मी तिला शेवटच्या ओळीत बसवलं होतं आणि हरवलेल्या मेंढराच्या नाटकातूनही वगळलं होतं.

साहेबांपुढं करायचं ते नाटक म्हणजे माझी खास कल्पना. देवळामागच्या शेतातला गहू निघाला होता आणि देवळाच्या मंडळीनं धुळाबाला मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मेंढरं पंधरा दिवस रानात बसली की लेंड्यांचं खत मिळतं, पुढचं पीक जोमानं येतं. सत्तर मेंढरं समोर असताना पोरांच्या डोक्याला कापूस चिकटवून त्यांना मेंढरं का करायचं? धुळाबा कबूल झाला होता. चारच्या सुमारास तो स्वतः दहा-बारा मेंढरं देवळापुढं आणून उभी करणार होता.

आता धुळाबा नव्हता. मेंढरं वाघुरीत होती, म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोरीच्या जाळीच्या कुंपणात. आणि ती ओरडत होती.

सुरुवातीला दोन-चार. मग दहा. अडीच वाजेपर्यंत सगळी सत्तर. ऊन डोक्यावर होतं, वाघुरीत एका बाभळीची काय ती सावली. मेंढरं तोंडं वर करून, जिभा काढून ओरडत होती आणि सगळी एकाच बाजूला, पूर्वेच्या जाळीला रेटा देत होती. नाटकाचे कपडे घालून पोरं माझ्याभोवती गोळा झाली. प्रत्येकानं घरून घोंगडी आणली होती. पौलसच्या हातात धुळाबाची जास्तीची काठीही होती, कारण तो मेंढपाळ होणार होता. पौलस माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. त्याला शास्त्रातलं काहीही विचारा, अध्याय आणि ओवीसकट सांगायचा.

"मास्तर, तहानलीत ती," पौलस म्हणाला.

"दिसतंय मला."

"विहिरीवरच्या हौदात पाणी आहे. दहा-बारा तिकडं नेऊ. पाणी पाजू आणि तशीच देवळापुढं उभी करू. दोन्ही कामं होतील."

माझ्याही मनात अगदी तेच आलं होतं.

"आबा उघडू नका म्हणलेत," मागून आवाज आला. सलोमी. ती वाघुरीच्या जाळीत बोटं अडकवून उभी होती.

"तुला विचारलं कुणी?" मी म्हणालो.

"न्हाई. पण म्हणलेत."

"ते गेले तेव्हा मेंढरं ओरडत नव्हती. आता ओरडतायत. इथं असते तर त्यांनीच उघडली असती."

"कितीबी ओरडली तरी, असं म्हणलेत."

आता मला राग आला. पोर शब्द अन् शब्द लक्षात ठेवून होती, आणि दोन महिन्यांत हिला एक ओळ पाठ होत नव्हती.

"मास्तर," पौलस गंभीरपणे म्हणाला, "शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेलं मेंढरू वर काढलेलं चालतं. मग तहानलेल्याला पाणी पाजलेलं का चालणार नाही?"

"बघ," मी सलोमीला म्हणालो. "याला म्हणतात शास्त्र समजणं. मुक्या जिवांना उन्हात तळमळत ठेवायचं, असं कुठं लिहिलंय?"

सलोमीनं जाळीतून बोटं काढून घेतली आणि दोन पावलं मागं सरली. तेवढंच.

मी गाठ सोडली.

धुळाबाची गाठ विचित्र होती, दोनदा आतून घेऊन वर पीळ दिलेली. ती सुटायला वेळ लागला, आणि त्या वेळात मला थांबता आलं असतं. माझा बेत असा होता की जाळीचा कोपरा हातभर उचलायचा, दहा-बारा मेंढरं मोजून बाहेर घ्यायची आणि कोपरा खाली टाकायचा. पौलसनं एक टोक धरलं, मी दुसरं. कोपरा उचलला.

पहिली बाहेर आली ती काळ्या तोंडाची मोठी मेंढी. ती काही चालत आली नाही. पाट फुटावा तशी आली, आणि तिच्यामागून सगळा कळप. जाळी माझ्या हातातून निसटली, खुंट्या उपटल्या, पौलस काठीसकट आडवा झाला आणि मेंढरं त्याच्या अंगावरून उड्या मारत गेली. एका क्षणात वाघूर रिकामी. धुळीचा लोट पूर्वेकडं धावत होता.

"हौद तिकडं नाही मास्तर," छोटी रिबका म्हणाली. "हौद इकडं आहे."

पूर्वेकडं शेताचा बांध होता, बांधापलीकडं बाभळी आणि बाभळींपलीकडं कालवा. कालव्याची मला काळजी नव्हती. महिनाभर तो कोरडा पडला होता. पोरं त्यात चेंडू खेळायची.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि मला ओल्या दगडाचा वास आला.

कालव्याला पाणी सुटलं होतं. रात्रीत कधीतरी सुटलं असणार. मी सकाळपासून देवळात तालमी घेत होतो, मला कळलंच नव्हतं. मेंढरांना मात्र कधीच कळलं होतं. म्हणून तर ती सगळी पूर्वेच्या जाळीला रेटत होती.

त्या कालव्याला दोन्ही बाजूंनी दगडी अस्तर होतं, उतरतं आणि गुळगुळीत. माणूस घसरला तरी वर यायला दोर लागायचा. मेंढराचं तर विचारूच नका. आणि मेंढरांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकानं उडी टाकली की दुसरं का म्हणून विचारत नाही.

मी धावलो. पोरं माझ्यामागं धावली.

"थांबा," मी ओरडलो. भोंग्याच्या आवाजात, छातीतला सगळा वारा घालून ओरडलो. मेंढरं अधिकच जोरात पळाली.

"पोरांनो, पुढून अडवा. घोंगड्या पसरा. त्यांना वाटेल, धनगर आला."

एकवीस पोरं एकवीस घोंगड्या फडकावत, "हुर्रर्र, हुर्रर्र" करत शेतात पसरली. मेंढरांनी आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. कळपाचे दोन भाग झाले, दोन्ही भाग बांधावरून उड्या टाकून पलीकडं गेले. पौलस काठी उंच धरून माझ्या पुढं पळत होता. "मीच उत्तम मेंढपाळ आहे," तो नाटकातलं वाक्य ओरडत होता. दुसरं काय ओरडावं हे त्याला सुचत नव्हतं.

"मास्तर," रिबका धापा टाकत माझ्या बाजूनं पळत होती. "वचनात आहे की. परक्याच्या मागं मेंढरं जात नाहीत. पळून जातात."

"पळ तू," मी म्हणालो.

"पळतेच आहे."

बांधावर चढलो आणि समोर कालवा दिसला. काठोकाठ नव्हता, पण छातीभर पाणी होतं, गढूळ आणि जोरात. मेंढरं अस्तराच्या कडेला दाटीनं उभी होती. पाणी दिसत होतं, पण तोंड पोचत नव्हतं. मागची पुढच्यांना रेटत होती. काळ्या तोंडाची मेंढी अगदी पुढं, पुढचे पाय उतारावर, मान खाली. तिचे खूर घसरत होते. ती सावरत होती.

तिच्या शेजारचं एक तरुण मेंढरू सावरलं नाही. ते दगडावरून बसल्यासारखं घसरलं आणि पाण्यात गेलं. एकदा वर आलं, ओरडलं, आणि प्रवाहाबरोबर निघालं.

मी पुन्हा ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. माझ्या त्या ओरडण्यानं कळप पुढं सरकला, मागं नाही. आणखी दोघांचे पाय घसरले.

कुणीतरी माझा सदरा खेचला.

"मास्तर, आधी तुम्ही गप बसा," सलोमी म्हणाली.

मी तिच्याकडं पाहतच राहिलो.

"खाली बसा. सगळ्यांना बसवा. घोंगड्या अंगाखाली घ्या. कुणी बोलू नका."

"अगं पण..."

"बसा ना मास्तर."

तिच्या आवाजात विनंती नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. घरातली मोठी बाई चुलीपुढून जसं सांगते तसं ती सांगत होती. मी कारण विचारायला तोंड उघडलं. काळ्या तोंडाच्या मेंढीचा पाय पुन्हा घसरला.

मी बसलो. हातानं खूण केली. पोरांची सवय माझ्या आवाजाला बसण्याची होती, पण त्या दिवशी ती हाताच्या खुणेलाच बसली. घोंगड्या खाली गेल्या. पौलसनं काठी मांडीखाली घातली. गव्हाचे सड पायांना टोचत होते आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

सलोमी कालव्याच्या दिशेनं गेली नाही. ती उलट शेताकडं वळली, मेंढरांना पाठमोरी झाली, आणि चालू लागली. चालता चालता तिनं हाक दिली.

"हीऽऽ यॉ. यॉ, यॉ. काळतोंडे, हीऽऽ यॉ."

मोठी नव्हती हाक. आमच्या मागच्या ओळीपर्यंत जेमतेम पोचावी एवढी. रोज सकाळ-संध्याकाळ देवळाच्या पायरीवरून मी ती ऐकली होती, आणि ती ठकूबाईचीच असणार असं समजून कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

काळ्या तोंडाच्या मेंढीचा कान हलला.

"ढवळे, यॉ. लंगडे, चल गं. हीऽऽ यॉ."

सलोमी चालतच राहिली. मागं वळून पाहत नव्हती. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं मागं बघ, मेंढरं येतायत की नाही बघ. माझ्या शेजारी रिबकानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

काळतोंडीनं मान वर केली. पुढचा एक पाय उतारावरून मागं घेतला. मग दुसरा. ती वळली, दाटीतून रेटून बाहेर आली आणि बांधावर चढली. आमच्याकडं पाहून क्षणभर थबकली.

"यॉ, यॉ," शेतातून आलं.

ती माझ्या खांद्याला लोकर घासून गेली. तिच्यामागं ढवळी, ढवळीमागं लंगडत एक, आणि मग कालव्याचा काठ एखादं पांघरूण ओढून घ्यावं तसा रिकामा होत गेला. बसलेल्या पोरांच्या मधून सत्तर मेंढरं चालत गेली. धावली नाहीत. चालत गेली.

मी उठलो आणि कालव्याच्या कडेनं खाली पळत सुटलो. सत्तर नव्हती ती. एकोणसत्तर होती.

दोनशे पावलांवर धुण्याच्या पायऱ्या होत्या. वाहून गेलेलं मेंढरू तिथल्या साकवाच्या खांबाला अडकून गटांगळ्या खात होतं. मी पायऱ्यांवरून पाण्यात शिरलो. पाणी छातीला लागलं तेव्हा पायाखालचा दगड सुटला आणि मीही गेलो. खांबाला आपटलो. हाताला लोकर लागली, ती धरली आणि सोडली नाही. कसा परत पायऱ्यांना लागलो ते नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मेंढरू मला लाथा मारत होतं आणि मी त्याला म्हणत होतो, "मार बाबा, मार. पण ओरडत राहा."

ते चालेना. मी त्याला खांद्यावर घेतलं, चारही पाय गळ्यापुढं धरले, आणि परत निघालो. अंगातून पाणी गळत होतं, एक चप्पल गेली होती, गुडघा फुटला होता.

बांधावर चढलो आणि थांबलो.

पोरं अजून बसलेलीच होती. ओळीनं, मुकाट्यानं, मांडीखाली घोंगड्या घेऊन. कुणी त्यांना उठायला सांगितलंच नव्हतं. पलीकडं उपटलेल्या वाघुरीत सलोमीभोवती कळप उभा होता. ती एका मडक्यातून कोकराला पाणी पाजत होती. आणि पोरं आणि कळप यांच्या मधे, सायकलचं हँडल धरून, पांढऱ्या टोपीतले त्रिभुवन साहेब उभे होते. ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आले होते.

त्यांनी पोरांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. शब्बाथशाळेच्या भिंतीवर एक चित्र असायचं, हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचं. मी हुबेहूब तसाच उभा होतो, फक्त एका पायात चप्पल.

"वा, मास्तर," ते सावकाश म्हणाले. "मी बरेच देखावे पाहिले. पण कालव्यात भिजून येणारा मेंढपाळ पहिल्यांदा पाहतोय. आणि ही शिस्त. पंधरा मिनिटं झाली, एक पोर हललेलं नाही."

मी मेंढरू खाली ठेवलं. ते लटपटत उभं राहिलं.

"हो साहेब," मी म्हणालो.

बास, एवढंच म्हणालो. दुसरं काही म्हणायची गरजही नव्हती. पौलस माझ्याकडं पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. साहेबांनी खिशातून वही काढली. पेनाचं टोपण उघडलं.

तेव्हा सलोमीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. मघाशी मी गाठ सोडायला लागलो तेव्हा ती जशी दोन पावलं मागं सरली होती, तशीच आत्ता तिनं मान पुन्हा खाली घातली.

"साहेब, लिहू नका," मी म्हणालो. "हे नाटक नाही."

आणि मी सगळं सांगितलं. विंचू, बैलगाडी, धुळाबाचं सांगणं, गाठ, कालवा. पोरांसमोर सांगितलं. माझा आवाज इतका खाली गेला होता की मागच्या ओळीतली पोरं ऐकायला पुढं सरकली.

त्रिभुवन साहेबांनी टोपण लावलं.

"म्हणजे त्यानं सांगितलं, तुम्ही हो म्हणालात, आणि मग केलं नाही."

"हो साहेब."

"दोन पुत्रांचा दाखला शिकवलाय का पोरांना? एक जातो म्हणाला आणि गेला नाही?"

"शिकवलाय साहेब."

"चांगलाच शिकवला असणार," ते म्हणाले. मग ते पोरांकडं वळले. "मुलांनो, आज्ञापालन म्हणजे काय?"

"देवाचं वचन ऐकून ते लगेच, आनंदानं आणि..." एकवीस आवाज जोरात निघाले आणि तिथं आल्यावर एकेक करून गळाले. शेवटचे शब्द एकट्या रिबकानं म्हटले, तेही माझ्याकडं बघत, विचारल्यासारखे.

साहेब वाघुरीपाशी गेले. "तू सांगतेस का गं?"

"मला पाठ नाही," सलोमी म्हणाली.

"मग काय येतं तुला?"

"हाक येते. ठकूआज्जीनं शिकवली. रोज दिली तरच लागू पडते, म्हणती."

"रोज देतेस?"

"रविवारी पण," असं म्हणून तिनं भीतभीत माझ्याकडं पाहिलं. "म्हणून उशीर होतो."

ऊन उतरल्यावर धुळाबा आला. ठकूबाई गाडीत बसून होती, अंगठ्याला पट्टी, चेहरा उतरलेला, पण बसून होती. पोरांनी खुंट्या पुन्हा ठोकल्या होत्या, जाळी ताणली होती. कोपऱ्याची गाठ मी माझ्या हातानं बांधली होती, होईल तितकी धुळाबाच्या गाठीसारखी.

धुळाबानं मेंढरांकडं पाहिलंच नाही. तो सरळ कोपऱ्याशी गेला, गाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही माझी न्हाई."

"नाही आबा. माझी आहे."

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत गाठ सोडून पुन्हा आपल्या पद्धतीनं बांधत होता. ओल्या मेंढराचे पाय त्यानं एकेक दाबून पाहिले. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"पाटाला पानी आलं ते मला पहाटंच कळलं व्हतं," तो म्हणाला.

"मग मला सांगायचं ना आबा. कालवा वाहतोय एवढंच सांगायचं. मी हात लावला नसता."

धुळाबानं गाठीला शेवटचा पीळ दिला.

"बायकू गाडीत कन्हत व्हती, मास्तर. कारन सांगाया येळ न्हवता. म्हून निस्तं सांगितलं." मग म्हणाला, "मला वाटलं, तुमाला चालंल तेवढं."

ठकूबाईनं गाडीतून सलोमीला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावरून पट्टी नसलेला हात फिरवला.

जूनमध्ये मला कायम केलं नाही. आणखी एक वर्ष तात्पुरता राहिलो. त्रिभुवन साहेबांचा शेरा मी नंतर वाचला. एकच ओळ होती: मास्तर खरं बोलतात, आवाज कमी केल्यास मुलं अधिक ऐकतील. मी तो मनावर घेतला. त्या वर्षी घोकून घेतलेलं प्रश्नोत्तर मी पुन्हा कधी शिकवलं नाही. त्याऐवजी रोज शाळा सुटल्यावर एकेका पोराच्या घरी जाऊ लागलो, काही काम नसताना. पोरांना आधी भीती वाटली, मग सवय झाली. सलोमी शेवटच्या ओळीतून उठून कुठंही बसली तरी मी काही म्हणत नसे.

पुढच्या एप्रिलमध्ये धुळाबा पुन्हा आला. मंडळीनं नाही, मीच निरोप धाडला होता. आठ-दहा दिवसांनी, एका सकाळी, तो काठी घेऊन देवळाच्या पायरीशी उभा राहिला.

"मास्तर, मला जरा पल्याडच्या गावाला जायाचं हाय. सांज हुईल."

"जा की."

"वाघूर उघडू नगा."

त्यानं एवढंच म्हटलं आणि तो वळला. मी गेलो आणि वाघुरीच्या कोपऱ्याशी, त्या गाठीजवळ बसलो. सलोमी आली, माझ्या शेजारी बसली. दुपारी मेंढरं ओरडायला लागली. आधी दोन-चार, मग दहा, मग सगळी. सलोमी आणि मी विहिरीवरून घागरी आणून जाळीखालून परातीत पाणी सारत राहिलो. कालवा कोरडा होता, मी सकाळीच जाऊन पाहून आलो होतो. आभाळ निरभ्र होतं, लांडग्याचं नाव नव्हतं, शेजारच्या रानात पीक नव्हतं. उघडायला काहीच हरकत दिसत नव्हती. मी हात मांडीखाली घेऊन बसून राहिलो.

संध्याकाळी धुळाबा आला. कोपऱ्याशी गेला, गाठीवर अंगठा फिरवला. माझ्याकडं पाहून हसला आणि चूल पेटवायला गेला.

त्या दिवशी वाघूर का उघडायची नव्हती, हे मला आजही माहीत नाही.